जुन्या टूरिंग कार: सगळ्यात भारी कोणती, सगळ्यात भंगार कोणती?

गियरबदल (धागाकर्ता)

मंडळी, फॉर्म्युला वनवर इथे ढीगभर धागे आहेत, टूरिंग कारवर एकही नाही. गेले दोन महिने रात्रीची जेवणं उरकली की मी जुन्या शर्यती बघत बसतोय. डोकं भरून गेलंय, कुठेतरी रिकामं करायला हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टूरिंग कार म्हणजे दारात उभी असते तीच गाडी. आतल्या सीटा काढायच्या, लोखंडी पिंजरा बसवायचा, इंजिन पिळून घ्यायचं आणि ट्रॅकवर सोडायची. ब्रिटनमध्ये हे १९५८ पासून चालू आहे, तिथली बीटीसीसी. जर्मनीची डीटीएम, ऑस्ट्रेलियाची बाथर्स्ट, शिवाय युरोपियन अजिंक्यपद वेगळं. फॉर्म्युला वनची गाडी आपल्या गल्लीत कधी येणार नाही. ही मात्र आपल्याच गाडीची पैलवान बहीण. मला हे वेड लागलं ते याच कारणानं.

माझी मतं आधी टाकतो, मग तुम्ही तुटून पडा.

सगळ्यात भारी: फोर्ड सिएरा आरएस ५०० कॉसवर्थ. दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, त्याला टर्बो, शर्यतीच्या तयारीत पाचशेच्या वर हॉर्सपॉवर आणि सगळी ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. बाथर्स्ट १९८८ आणि १९८९ लागोपाठ सिएरानं जिंकली.

सगळ्यात भंगार: व्होल्व्हो ८५० इस्टेट, १९९४. शर्यतीला स्टेशन वॅगन कोण नेतं? वर्षभरात एक पोडियमसुद्धा नाही.

बोला.

सातारकर_८१

सगळ्यात भारी टूरिंग कार: वडापची (शेअर जीपची) ट्रॅक्स. सोळा माणसं आत, दोन टपावर, एक मागं लोंबकळत. सगळ्यात भंगार: तीच ट्रॅक्स, आपण मधल्या सीटवर असलो की.

गियरबदल

सातारकर, वडापचा धागा वेगळा काढा, तिथं मी पहिला प्रतिसाद देईन.

मृण्मयी_लेस्टर

व्होल्व्होला भंगार म्हटलेलं खपवून घेणार नाही!

आमच्या घरापासून डॉनिंग्टन पार्क अर्ध्या तासावर. सासरे इथे सत्तरच्या दशकात आले. गाड्यांचं वेड त्यांचं, ते नवऱ्याला लागलं आणि आता मला. सासऱ्यांनी १९९४ ची ती वॅगन प्रत्यक्ष धावताना पाहिलेली आहे. ते सांगतात, पहिल्यांदा दिसली तेव्हा स्टँडमधली माणसं हसली आणि मग ती एका वळणावर बाहेरून दोघांना मागं टाकून गेली तेव्हा गप्प झाली.

मुळात ती वॅगन उगाच थट्टा म्हणून आणलेली नव्हती. गाड्या टॉम वॉकिन्शॉच्या टीडब्ल्यूआरनं बांधल्या, चालवायला रिकार्ड रिडेल आणि यान लॅमर्स. पाच सिलिंडरचं इंजिन जितकं खाली आणि मागं सरकवता येईल तितकं सरकवलं होतं. तेव्हा गाडीला पंख (मागं बसवायची, हवेनं गाडी खाली दाबणारी फळी) लावायला बंदी होती, आणि वॅगनच्या लांब टपाचा हवेत थोडा फायदाच होता. पुढच्या वर्षी नियम बदलून पंख आले, मग वॅगनला अर्थ उरला नाही, त्यांनी सलून, म्हणजे साधी डिकीवाली गाडी आणली. त्याच रिडेलनं १९९५ ला तिसरा नंबर काढला आणि १९९८ ला एस ४० मध्ये अजिंक्यपद मिळवलं. १९९४ हे सगळं शिकण्याचं वर्ष होतं. पहिलीतल्या मुलाला दहावीचे मार्क विचारू नका.

आणि कुत्र्याची गोष्ट माहीत आहे का? बाकीच्या संघांनी फार टिंगल केली, तेव्हा व्होल्व्होवाल्यांनी एका फेरीला मागच्या डिकीच्या जागेत हे एवढं मोठं खेळण्यातलं कुत्रं बसवून गाडी सगळ्यांसमोरून फिरवली. त्या वर्षीचा विजेता कोण हे माझ्या सासूबाईंना सांगता येणार नाही, कुत्रं मात्र पक्कं लक्षात आहे.

चिंटू_चाकवाला

कुत्र्यासाठी +१

पासिंगवाला

छान धागा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

मी पुण्यात वेताळ टेकडीच्या आसपासच नोकरी केली, गाड्यांचं होमोलोगेशन हे माझं काम होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर पासिंग. आरटीओला गाडी पास करतात तसं शर्यतीलाही पासिंग असतं, आणि टूरिंग कारची सगळी गंमत त्या पासिंगच्या कागदात आहे.

ऐंशीच्या दशकातला ग्रुप ए, म्हणजे तेव्हाच्या टूरिंग कारचा वर्ग, त्याचा नियम घ्या. बारा महिन्यांत त्या मॉडेलच्या ५००० गाड्या बनल्या पाहिजेत. मग सुधारित आवृत्ती काढायची असेल तर तिच्या आणखी ५०० बनवा. आरएस ५०० मधले ५०० ते हेच. म्हणजे कंपनीनं शर्यतीला जे जे हवं ते आधी रस्त्यावरच्या गाडीत घालायचं आणि ती गाडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची. उलटी गंगा.

या हिशेबानं माझ्या मते सगळ्यात भारी गाडी बीएमडब्ल्यू एम ३, पहिली, ई ३० वाली. साध्या ३ सीरीजच्या शेजारी उभी करून बघा. मडगार्ड चौकोनी फुगवलेली, कारण आत रुंद चाक बसलं पाहिजे. मागची काच साध्या गाडीपेक्षा जास्त तिरकी, डिकीचं झाकण वर उचललेलं, कारण हवा पंखावर नीट गेली पाहिजे. एखादी काच कोनात बसवायची म्हणजे नवा साचा, नवं रबर, नव्या चाचण्या. आमच्याकडे मागचा लाल दिवा बदलला तरी फाइल जाडजूड व्हायची, म्हणून सांगतो. शर्यतीसाठी पाच हजार गिऱ्हाइकांची काच बदलणारी कंपनी मला तरी दुसरी माहीत नाही.

आणि निकाल बघा. १९८७ चं जागतिक अजिंक्यपद रॉबर्टो रावाल्यानं एम ३ मध्ये घेतलं. त्याच वर्षी डीटीएम एरिक व्हान द पूलनं घेतली, एकही शर्यत न जिंकता! दर वेळी आपला पहिल्या काहींत. ब्रिटनमध्ये १९८८ ला फ्रँक सायट्नर, १९९१ ला विल हॉय. तुमची सिएरा पुढं पळायची हे खरं, पण ट्रॉफी कुणाच्या कपाटात आहे?

पासिंगवरून आणखी एक गंमत. १९७३ ची बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल, जिला बॅटमोबाइल म्हणतात. तिचा मोठा मागचा पंख जर्मनीत रस्त्यावर बेकायदा होता. मग कंपनीनं काय केलं? पंख गाडीला लावला नाही, डिकीत ठेवून दिला. विकला तर गाडीबरोबरच, म्हणजे शर्यतीसाठी पास. बरोबर २१ वर्षांनी अल्फा रोमिओनं हीच युक्ती केली. मृण्मयीताई म्हणतात त्या १९९४ ला पंखबंदी असताना अल्फा १५५ मात्र पंख लावून आली, कारण तिच्या २५०० गाड्या पंखासकट विकल्या होत्या आणि तो उंच करायचे तुकडे डिकीत दिले होते. इतर संघांनी तक्रार केली, ऑल्टन पार्कला वाद इतका चिघळला की अल्फावाले गाड्या घेऊन निघून गेले. परत आले आणि गाब्रिएले तार्क्विनी अजिंक्यवीर झाला.

अनुजा_प

डिकीत पंख ठेवून गाडी विकणे! आमच्या सोसायटीच्या बिल्डरनं पार्किंग असंच कागदावर दिलं होतं.

स्टुटगार्टकर

पासिंगवाला काका, तुमचा प्रतिसाद आवडला, पण एम ३ चा उदोउदो चालू असताना मर्सिडीजचा माणूस गप्प बसेल असं वाटलं का?

१९८४ च्या मे महिन्यात न्यूर्बुर्गरिंगचा नवा ट्रॅक खुला झाला. मर्सिडीजनं एकसारख्या १९० ई २.३-१६ गाड्या आणल्या आणि नामवंत ड्रायव्हरांना त्यात बसवलं. फॉर्म्युला वनचे कितीतरी जगज्जेते होते. जिंकला एक चोवीस वर्षांचा पोरगा, आयर्टन सेना. दुसरा निकी लाउडा. गाडी सगळ्यांना तीच, म्हणजे हात कुणाचे चांगले ते कळलं. त्याच गाडीची पुढं इव्हो २ झाली, ५०२ बनल्या, मागं स्वयंपाकघरातल्या फळीएवढा पंख. १९९२ ला क्लाउस लुडविगनं डीटीएम त्यातच घेतली.

पण मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. तुम्ही सगळे "दारातली गाडी, दारातली गाडी" करताय. मी याच उद्योगात काम करतो. माझ्यासाठी टूरिंग कारची मजा आत काय दडवलंय यात आहे. १९९३ ला अल्फा पहिल्यांदाच डीटीएममध्ये आली. १५५ व्ही६ टीआय, अडीच लिटर, चारही चाकांना ताकद, इंजिन अकरा हजारांच्या वर फिरायचं. निकोला लारिनीनं जर्मनांना त्यांच्या अंगणात धुतलं. नॉर्डश्लाइफवरच्या, म्हणजे न्यूर्बुर्गरिंगच्या जुन्या लांब ट्रॅकवरच्या, दोन्ही शर्यती त्याच्या. बाहेरून ती चौकोनी पेटी आणि आतून फॉर्म्युला वन. इथली जुनी माणसं अजून त्या वर्षाबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

माझं मत: भारी गाडी अल्फा १५५ व्ही६.

गियरबदल

स्टुटगार्टकर, तुमच्याच मुद्द्यावरून पुढं जाऊ. ही शर्यत आत काय दडवायचं याचीच होत गेली, मग १९९६ ला काय झालं?

स्टुटगार्टकर

जखमेवर बोट ठेवलंत.

१९९६ ला डीटीएमची आंतरराष्ट्रीय मालिका झाली होती, आयटीसी. ओपेल कॅलिब्रा व्ही६, चारचाकी ताकद, गियर हायड्रॉलिकनं बदलायचे. मानुएल रॉयटर जिंकला. शेवटच्या फेऱ्या ब्राझीलला इंटरलागोस आणि जपानला सुझुका. विमानभाडं, इलेक्ट्रॉनिक्स, सगळा खर्च आकाशाला भिडला. जर्मन प्रेक्षक म्हणाला, हे आमच्या गावातून उचलून कुठं नेलंत? वर्ष संपताच अल्फा आणि ओपेल बाहेर पडल्या, मर्सिडीज एकटी उरली, मालिका बंद. परत सुरू व्हायला २००० उजाडलं.

कॅलिब्रा माझ्या मते अभियांत्रिकीचा नमुना आहे आणि हे मी मागं घेणार नाही. पण तिच्यावर कुणी "मारेकरी" म्हणून बोट दाखवलं तर मला उत्तर देता येत नाही.

मृण्मयी_लेस्टर

इथेही हेच. नव्वदच्या दशकात बीटीसीसीत सुपर टूरिंग नावाचा वर्ग होता, त्याचा नियम साधा होता: दोन लिटर, टर्बो नाही, ८५०० आरपीएमची मर्यादा. म्हणून सगळ्या कंपन्या धावत आल्या. रेनो लगुना तर विल्यम्सनं बांधलेली, फॉर्म्युला वनवाल्यांनी. आलाँ मेन्यूनं १९९७ जिंकलं. मग खर्च इतका वाढला की २००० साली फोर्ड, होंडा आणि व्हॉक्सहॉल अशा तीनच कंपन्या उरल्या. त्या वर्षीही मेन्यूच जिंकला, माँडेओत. पुढच्या वर्षी नियमच बदलले.

सिडनीकर_नील

उशिरा आलो. तुम्ही सगळे युरोपातच फिरताय, जरा खाली उतरा.

बाथर्स्ट आमच्याकडून दोनशे किलोमीटर. तो ट्रॅक वर्षभर साधा सरकारी रस्ता असतो हे किती जणांना माहीत आहे? दोन्ही बाजूंनी वाहतूक, वेगमर्यादा ६०. मी बायकोमुलांना घेऊन माउंट पॅनोरामावर आमच्या फॅमिली गाडीतून गेलो. टीव्हीवर सपाट दिसतं हो. प्रत्यक्षात 'कटिंग' नावाचं वळण येतं तिथे गाडी दुसऱ्या गियरमध्ये ओढायला लागते, डाव्या हाताला कठडा इतका जवळ की मुलीनं काच वर केली. वर पोचलो की 'स्कायलाइन', समोर रस्ता दिसतच नाही, फक्त आभाळ आणि खाली बाथर्स्ट गाव. तिथून रस्ता एकदम खाली कोसळतो. वरंध घाट उतरल्यासारखं, फक्त कठड्यापलीकडे दरी नाही, भिंतच आहे. आम्ही चाळीसनं उतरलो. मागं पोलिसांची गाडी होती. त्याच उतारावर लोक हजार किलोमीटर, १६१ फेऱ्या मारतात.

तर या रस्त्यावरची सगळ्यात भारी गाडी एकच. निसान स्कायलाइन जीटी-आर, आर ३२. इथल्या एका मासिकानं तिला गॉडझिला नाव दिलं. दोन टर्बो, २.६ लिटर, चारही चाकांना ताकद पण गरजेपुरती, एरवी मागच्या चाकांवर. जपानच्या अजिंक्यपदात १९९० ते १९९३ मध्ये २९ शर्यती धावली आणि २९ जिंकली. एकोणतीसपैकी एकोणतीस! यापुढे कुठल्याही गाडीची तुलना नको.

बाथर्स्टला १९९१ आणि १९९२ तिनंच मारलं. १९९२ ची शर्यत मात्र मला बघवत नाही. डेनी हल्म, १९६७ चा फॉर्म्युला वन जगज्जेता, एम ३ चालवत होता. पाऊस होता. कॉनरॉड स्ट्रेटवर त्याची गाडी हळू होत कठड्याला टेकून थांबली. हृदयविकाराचा झटका, गाडीतच. नंतर पावसात एकामागून एक गाड्या आदळल्या, जिम रिचर्ड्सची जीटी-आर पण. शर्यत थांबवली, निकाल मागच्या फेरीवरून लावला, आणि ठोकलेली निसान पहिली आली. होल्डन आणि फोर्डचे पाठीराखे खालून ओरडायला लागले. रिचर्ड्सला हल्म गेल्याची बातमी नुकतीच कळली होती, जुना मित्र होता. तो पोडियमवरून गर्दीला थेट शिव्या देऊन मोकळा झाला. तीस वर्षं होऊन गेली, इथल्या ऑफिसात ते वाक्य अजून पाठ आहे लोकांना.

चौथागियर

नीलदादा, अंगावर काटा आला.

पण मग माझा प्रश्न. २९ पैकी २९ म्हणजे शर्यत कसली ती? जीटी-आर आल्यावर इतरांनी यायचंच सोडलं आणि ग्रुप ए संपला. ऑस्ट्रेलियानं १९९३ पासून पाच लिटरच्या व्ही८ गाड्या आणल्या. म्हणजे सगळ्यात भारी गाडी हीच सगळ्यात वाईट गाडी नव्हे काय?

सिडनीकर_नील

नव्हे. वर्गात एक पोरगा शंभरपैकी शंभर काढतो म्हणून परीक्षा बंद करत नाहीत.

चौथागियर

बाकीची पोरं शाळा सोडून गेली तर करावीच लागते.

पासिंगवाला

दोघेही थांबा. निसाननं चोरी केली नाही, फक्त पासिंगचा कागद इतरांपेक्षा नीट वाचला. टर्बो गाडीची क्षमता १.७ नं गुणायची असा नियम होता. २.६ गुणिले १.७ म्हणजे साधारण ४.४. वर्गाची हद्द ४.५. इंजिनाचा आकारच त्या वर्गात बसेल असा ठरवला. एकदा गाडी इतकी नेमकी बनवली की दोष नियम लिहिणाऱ्याचा.

उद्यमनगर

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं. गॅरेज आहे, तीस वर्षं हात काळे करतोय. जिंकलेल्या गाड्यांचं कौतुक झालं, आता हरलेल्या गाडीचं बोलूया, कारण गाडी हरलेलीच काहीतरी शिकवत्या.

माझ्या मते सगळ्यात भंगार, आणि सगळ्यात जीव लावणारी पण, जॅग्वार एक्सजे १२ सी. १९७६ आणि ७७. ब्रिटिश लेलँडनं पैसा दिला, राल्फ ब्रॉडच्या ब्रॉडस्पीडनं बांधली. व्ही१२, ५.३ लिटर. दिसायला राजवाडा. पहिल्याच शर्यतीत, सिल्व्हरस्टोनला, सगळ्यात पुढं उभी राहिली. वेगात बीएमडब्ल्यू सीएसएलला भारी. पण शर्यत पुरी होईल तर शपथ.

कारण साधं आहे, आमच्या रोजच्या कामातलं. इंजिनच्या खाली ऑइल चेंबर असतो. गाडी जोरात वळणात गेली की ऑइल एका बाजूला चढतं, परातीत पाणी घेऊन पळाल्यासारखं. पंपाच्या तोंडाशी ऑइल नसलं की पंप हवा ओढतो. हवा ओढली की बेअरिंग कोरडं पडलं, आणि कोरडं बेअरिंग त्या आरपीएमला किती टिकणार? इंजिन खोललं की कळतं, चांदीसारखं बेअरिंग निळं-काळं झालेलं असतं आणि नख लावलं तर पापुद्रा निघतो. असल्या गाडीला ड्राय संप लागतो, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवायचं. तो त्यांना सुरुवातीला नियमात बसवता येत नव्हता. त्यात गाडी जड, त्यामुळं चाकांचे हब आणि मागचे शाफ्ट पण झेपत नव्हते.

सगळ्यात चांगला निकाल काय, तर १९७७ ला न्यूर्बुर्गरिंगला दुसरा नंबर. डेरेक बेल आणि अँडी राउझ. वर्षाअखेरी लेलँडनं गाशा गुंडाळला.

आता खरी गोष्ट. तोच व्ही१२ पुढं एक्सजे-एस मध्ये टॉम वॉकिन्शॉनं पळवला. १९८४ चं युरोपियन अजिंक्यपद त्याचं, आणि १९८५ ला बाथर्स्ट पण जॅग्वारचं, गॉस आणि हाने. म्हणजे इंजिनात खोट नव्हती. आमचे वस्ताद म्हणायचे, दुखणं सापडल्यावर गाडी गिऱ्हाइकाला परत देऊ नये. लेलँडनं नेमकं तेच केलं.

गियरबदल

उद्यमनगर काका, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. परातीचं उदाहरण तर कमाल.

मधुरा_के

इतक्या मोठमोठ्या गाड्या, कुणी चिमुकल्यांना विचारेल का? ब्रिटनमध्ये गुण वर्गवार मिळायचे, म्हणजे लहान इंजिनाची गाडी आपल्या वर्गात रोज पहिली आली की एकूण अजिंक्यपद तिचं. १९७० ते ७२ सलग तीन वर्षं बिल मॅकगव्हर्न जिंकला, सनबीम इम्पमध्ये. एक लिटरचं इंजिन, ते पण मागं. समोर मस्टँग, कमारो गर्जत असायच्या आणि वर्षाअखेरी ट्रॉफी इम्पच्या हाती. धागाकर्त्यांची लाडकी सिएरा १९८८ आणि ८९ ला याच हिशेबात अडकली. शर्यती ती जिंकत राहिली, अजिंक्यपद आधी एम ३ ला आणि मग चक्क व्हॉक्सहॉल अॅस्ट्राला गेलं.

आणि पहिल्याच वर्षाचा किस्सा सांगितल्याशिवाय धागा पुरा कसा होईल? १९५८ ला जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे गुण सारखे. नाणं उडवायचं का, असं चाललं होतं. दोघांनी नकार दिला. मग ब्रँड्स हॅचला दोन सारख्या रायली १.५ आणल्या. पाच फेऱ्या, गाड्या अदलाबदल, परत पाच फेऱ्या. सीअर्स एकूण १.६ सेकंदांनी जिंकला. पासष्ट वर्षांहून जास्त झाली, इतका स्वच्छ निकाल परत लागला नसेल.

सातारकर_८१

ही शर्यत खरी. आमच्याकडं बैलगाडा शर्यतीत बरोबरी झाली तर बैलं बदलायची पद्धत सुरू करायला पाहिजे.

ऑप्ट्राप्रेमी

अवांतर: आपल्याकडे जी शेवरोले ऑप्ट्रा म्हणून विकली गेली ती बाहेर लॅसेट्टी, आणि ती २००५ पासून जागतिक टूरिंग कार अजिंक्यपदात धावली. नंतर क्रूझ आली तिनं २०१० ते १२ सलग तीन वर्षं सगळ्यांना झोपवलं, दोनदा इव्हान म्युलर आणि एकदा रॉब हफ. बाबांची ऑप्ट्रा आम्ही घाटात नेली की मला उगाच छाती फुगल्यासारखी वाटायची.

पासिंगवाला

@ऑप्ट्राप्रेमी, त्याच मालिकेत २००८ ला म्युलर सेआट लिऑन टीडीआयमध्ये जिंकला. डिझेल! डिझेल म्हणजे ट्रॅक्टर असं म्हणणाऱ्या आमच्या एका साहेबांना मी ती बातमी छापून दिली होती.

अनुजा_प

भारतात काहीच नव्हतं का मग?

उद्यमनगर

होतं की, अनुजाताई. मद्रासच्या वर शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती, तिच्यावर शर्यती व्हायच्या. फियाट ११००, हेराल्ड, अँबेसिडर, सगळ्या आपल्याच दारातल्या. मग १९९० ला इरुंगाट्टुकोट्टईला पक्का ट्रॅक झाला आणि शोलावरम मागं पडलं. आमचे वस्ताद दोन वर्षं तिथं एका गाडीबरोबर मेकॅनिक म्हणून गेले होते. फियाटचा गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर असायचा, शर्यतीत तो अडकायचा. म्हणून खाली फ्लोअरला गियर काढायचे. ती लिंक हातानं बनवायची, रॉड वाकवायचा, वेल्डिंग करायचं, गाडीत बसून बघायचं, परत वाकवायचा. वस्ताद सांगायचे, रात्री दोनला कंदिलाच्या उजेडात शेवटचा वेल्ड मारला आणि सकाळी गाडी उभी राहिली लाइनीत.

गियरबदल

काका, हे वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं.

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तीन दिवसांत माझं मत बदललंय आणि ते लिहून ठेवायला हवं.

व्होल्व्होचं नाव भंगार यादीतून काढलं. मृण्मयीताई, सासऱ्यांना नमस्कार सांगा. एका वर्षात शिकून पुढच्या वर्षी तिसरा नंबर काढणारी गाडी भंगार नसते.

सगळ्यात भारीमध्ये सिएरा अजून आवडते, पण पासिंगवाला काकांनी सांगितलेली ती तिरकी काच डोक्यातून जात नाही. काल रात्री एम ३ आणि साधी ३ सीरीज यांचे फोटो शेजारी ठेवून अर्धा तास बघत होतो. एकदा दिसली की दिसतच राहते. माझं मत आता एम ३ ला. नील, जीटी-आरला मी दुसरा नंबर देतो आणि २९ पैकी २९ समोर टोपी काढतो. पण ती समोर आली की बाकीच्यांनी घरी जायचं, आणि मला शर्यत बघायची असते.

सगळ्यात वाईट: एक्सजे १२ सी. गाडी म्हणून नव्हे, ती तर मला आता जॅग्वारांमध्ये सगळ्यात जवळची वाटते. वाईट हे की दुखणं कळलं होतं, दुसरा नंबर आला होता, आणि तेव्हाच तिला सोडून दिलं.

स्टुटगार्टकर

मत पटलं नाही, पण कारण पटलं. माझी अल्फा कायम.

सिडनीकर_नील

टोपी पोचली. ऑक्टोबरात कुणी इकडे येणार असेल तर सांगा, डोंगरावर घेऊन जातो. साठच्या आत.

मृण्मयी_लेस्टर

सासऱ्यांना आत्ताच वाचून दाखवलं. खूश आहेत. मागच्या मे महिन्यात आम्ही डॉनिंग्टनला जुन्या गाड्यांच्या शर्यतीला गेलो होतो, तेव्हाचं एक राहून गेलं ते सांगते. क्रेनर कर्व्ह्जचा उतार संपतो तिथे, ओल्ड हेअरपिनजवळ उभे होतो. एक आरएस ५०० आली. ड्रायव्हरनं पाय उचलला की दाराखालच्या नळीतून फट् करून ज्योत निघायची, आणि पुढच्या चाकातली डिस्क भर दुपारी नारिंगी दिसत होती. तिच्या मागं लगेच एम ३, आवाज वेगळाच, उंच आणि कोरडा. सासरे म्हणाले, डोळे मिट आणि सांग कुठली कुठली. मी तिन्ही वेळा बरोबर सांगितलं. तेव्हा गियरबदल, सिएराला इतक्या लवकर सोडू नका.

गियरबदल

ताई, आता परत झोप उडवलीत.

उद्यमनगर

गियरबदल, तुम्ही कोल्हापूरच्या जवळपासचे दिसताय. वस्ताद गेले, पण त्यांची एक फियाट माझ्या शेडमध्ये मागच्या बाजूला झाकून ठेवलीय. फ्लोअर गियरवाली. इंजिन खोललेलं आहे, पण ती लिंक अजून जागेवर आहे, त्यांच्या हातची. बघायची असेल तर या.

गियरबदल

सांगलीचा आहे काका. रविवारी सकाळी निघतो, नऊपर्यंत पोचेन. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सातारकर_८१

मी पण येतो. वडापनं.